बिनपगारी सेक्रेटरी : लहान कर्जाच्या पेढ्यांचा इतिहास

कर्ज पन्नास रुपयांचे असो की पन्नास हजारांचे, ते देण्याची यातायात जवळपास सारखीच असते. माणूस कोण, कुठला, त्याची पत किती हे पाहायचे, कागद करायचा, वहीत नोंद घालायची, हप्त्याची आठवण द्यायची आणि थकला तर दारात जाऊन बसायचे. मोठ्या रकमेच्या व्याजातून हा खर्च सहज निघतो, लहान रकमेच्या व्याजातून निघत नाही. म्हणून व्यापारी बँका लहान माणसाला दारात उभे करत नसत. जो उभे करी तो सावकार हा खर्च, बुडिताचा धोका आणि वर आपला नफा असे सगळे व्याजात धरून वसूल करी. या कोंडीतून निघण्याची एक वाट एकोणिसाव्या शतकात सापडली, ती म्हणजे ही यातायात कोणीतरी फुकट करायची. जर्मनीतल्या खेड्यांपासून मुंबईच्या सफाई कामगारांच्या वस्त्यांपर्यंत आणि पुढे महाराष्ट्रातल्या बचत गटांपर्यंत लहान कर्जाची जी व्यवस्था उभी राहिली, तिचे खरे भांडवल बिनपगारी माणसांचा वेळ हेच होते. असा वेळ काहींकडे होता, अनेकांकडे नव्हता, आणि व्यवस्थेचा लाभ कोणाच्या पदरात पडला हेही बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरले.

या कल्पनेला नियमांची चौकट दिली ती फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन (१८१८–१८८८) याने. प्रशियाच्या ऱ्हाइनकाठच्या भागात तो लहान लहान गावांचा कारभारी म्हणून नेमला गेला होता. १८४६–४७च्या दुष्काळी हिवाळ्यात वायरबुश या गावी त्याने खाऊनपिऊन सुखी लोकांकडून पैसे जमवून गरिबांना पीठ आणि पाव उधारीवर मिळण्याची सोय केली. पुढे फ्लामर्सफेल्ड आणि हेडेसडोर्फ येथे शेतकऱ्यांना जनावरे आणि पैसे कर्जाऊ देणारी मंडळे काढली. ही मंडळे धनिकांच्या परोपकारावर चालत. परोपकाराची उमेद ओसरली की मंडळ थंडावे, हा अनुभव त्याला दहा-पंधरा वर्षे आला. तेव्हा कर्ज घेणाऱ्यालाच सभासद करायचे, असे त्याने ठरवले. १८६४ साली हेडेसडोर्फला या नव्या घडणीची पतपेढी निघाली. तिचे नियम पुढे जगभर गेले : पेढीचे क्षेत्र एका गावापुरते, म्हणजे जिथे प्रत्येक जण दुसऱ्याला ओळखतो तेवढेच. सर्व सभासदांवर अमर्याद जबाबदारी, म्हणजे पेढी बुडाली तर प्रत्येकाच्या घरादारावर टाच. नफा वाटायचा नाही, गंगाजळीत टाकायचा. आणि पंचांना पगार नाही. हिशेब लिहिणाऱ्याला तेवढा थोडा मोबदला मिळे.

याच सुमारास डेलिच गावचा हेर्मान शुल्झ हा शहरी कारागिरांसाठी पतपेढ्या काढत होता. त्याच्या पद्धतीत शेअर होते, लाभांश होता, क्षेत्र मोठे होते आणि व्यवस्थापक पगारी होते. या दोघांत आणि त्यांच्या अनुयायांत वर्षानुवर्षे वाद झडले. शुल्झच्या मते फुकटचे काम हे शेवटी बेजबाबदार काम असते. राइफायझेनच्या मते पगार आला की पगारदार कर्जांचा आकडा फुगवू लागतो. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत दोघांचेही म्हणणे खरे ठरल्याचे दाखले महाराष्ट्रात सापडतात.

दख्खनमध्ये या प्रश्नाला तोंड फुटले ते दंग्यांनी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पसरले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे, सावकार देईना तर घर फोडायचे, असा बहुतेक ठिकाणचा क्रम. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यामुळे न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. सावकारांनी त्यावरही तोड काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घेण्याकडे त्यांचा कल झाला. कायद्याने सावकाराचे हात थोडे बांधले, पण सावकाराऐवजी जायचे कुठे याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते.

ते उत्तर देण्याचा प्रयत्न विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी केला. १८८०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. जुनी कर्जे सरकारी मदतीने तोडजोड करून मिटवायची आणि पुढची गरज बँकेने माफक व्याजाने भागवायची, असा तिचा गाभा होता. हिंदुस्थान सरकारला ती मानवली, लंडनहून मात्र संमती आली नाही. सरकारने स्वतः तगाई, म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज, देण्याचे कायदे १८८३ आणि १८८४ साली केले. तगाईचा अर्ज, पाहणी, मंजुरी आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक टेबलाची दस्तुरी यांत पेरणी निघून जाई, अशी शेतकऱ्यांची तक्रार कायमच राहिली.

सरकारच्या आधी आणि कोणत्याही कायद्याशिवाय एक प्रयोग मराठी माणसांनीच केला, तो महाराष्ट्राबाहेर. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली. बडोदे संस्थानात नोकरीनिमित्त गेलेल्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांची ही मंडळी. या नोकरदारांना लग्नकार्य, आजारपण आणि महिनाअखेर अशा तीन वाटांनी सावकार गाठत असे. महिन्याला थोडी थोडी वर्गणी जमवायची आणि ती आपापसांत कर्जाऊ द्यायची, एवढाच या मंडळीचा व्यवहार. नोंदणीसाठी कायदाच नव्हता, त्यामुळे सगळी मदार एकमेकांच्या शब्दावर. हिंदुस्थानातल्या शहरी पतसहकाराची सुरुवात या मंडळीपासून धरतात.

मद्रास इलाख्यात फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याने युरोपातल्या पेढ्यांचा अभ्यास करून १८९५ आणि १८९७ साली दोन खंडांचा अहवाल दिला. हिंदुस्थानच्या खेड्याला राइफायझेनचाच मार्ग मानवेल, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच धर्तीवर १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. कोणत्याही दहा प्रौढ माणसांना संस्था काढता येऊ लागली. ती एका गावातली किंवा शहरातली हवीत, किंवा निबंधकाच्या मंजुरीने एका जातीची अथवा वर्गाची असली तरी चालतील, अशी मुभा होती. ग्रामीण संस्थेत चार-पंचमांश सभासद शेतकरी असावे लागत आणि जबाबदारी अमर्याद असे. हिशेबतपासणी सरकार करी आणि मुद्रांक शुल्कासारख्या खर्चांतून सूट देण्याची तरतूद होती. थोडक्यात, देखरेख सरकारची आणि रोजचे काम गावाचे, तेही बहुतांशी फुकट.

मुंबई इलाख्यातली पहिली ग्रामीण संस्था धारवाड जिल्ह्यातल्या गदगजवळच्या कणगिनहाळ गावी मे १९०५मध्ये नोंदली गेली. सिद्दनगौडा पाटील हे तिचे प्रवर्तक आणि पहिले अध्यक्ष. त्यानंतर पुणे, सातारा, खानदेश, नगर अशा जिल्ह्यांत सोसायट्या निघत गेल्या. खेड्यात तिला पतसंस्था कोणी म्हणत नसे, ती ‘सोसायटी’च. सरकारने गावोगाव फिरून सोसायट्या काढण्यासाठी मानद संघटक नेमले. वकील, इनामदार, निवृत्त नोकर अशी ही मंडळी. स्वतःची बैलगाडी जुंपून ते गावात जात, चावडीपुढे लोक जमवून व्याजाचा हिशेब समजावून सांगत, आणि नोंदणीचे कागद भरून घेत.

सोसायटीचे रोजचे काम कसे चाले, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. पाच-सात पंच, त्यांतला एक चेअरमन आणि एक सेक्रेटरी. पंच म्हणजे पाटील आणि दोन-चार बरे खातेदार. सेक्रेटरीला लिहिता-वाचता येणे भाग, आणि तसा माणूस बहुतेक गावांत शाळामास्तर, कुळकर्णी किंवा तलाठी यांपैकीच एक. रोजकीर्द, खतावणी, सभासदांचे रजिस्टर आणि सभेचे इतिवृत्त त्याने ठेवायचे. पेरणीच्या तोंडावर अर्ज येत. कोणाला बैल घ्यायचा असे, कोणाला बियाणे, कोणाला विहिरीचे काम पुरे करायचे असे. प्रत्येक अर्जाला दोन सभासद जामीन लागत. पंच अर्जावर उघड चर्चा करीत : बैल खरेच घेणार का? की मुलीच्या लग्नाला पैसे लागणार आहेत? गावच्या पंचांना हे विचारावे लागत नसे, माहीतच असे. शहरातल्या बँकेला जी माहिती कितीही पैसे मोजून मिळाली नसती ती इथे फुकट हाताशी होती. बऱ्याच सोसायट्यांचा व्याजदर महिन्याला रुपयामागे दीड पै, म्हणजे वर्षाला शेकडा सव्वानऊच्या किंचित वर. बाहेर सावकाराचा दर कुळाची नड पाहून ठरत असे, आणि तो याच्या दुप्पट-तिप्पट असणे नवलाचे नव्हते. हा जो फरक, तो पंचांच्या आणि सेक्रेटरीच्या न घेतलेल्या पगारातून निघत असे.

या व्यवस्थेतले वैगुण्य तिच्या गुणातच होते. पंचांना सगळे माहीत असे, म्हणून पंच सगळे ठरवू शकत. पंचांमध्येच एखादा सावकारी करणारा बसला, की सोसायटीचे स्वस्त कर्ज त्याच्या जवळच्यांना मिळे आणि उरलेल्यांना त्याच्याच ओट्यावर जावे लागे. फुकट काम करायला ज्याला सवड असे तो गावातला सुस्थितीतला माणूस असे. त्याला सोसायटीची गरज सर्वांत कमी आणि तिच्यावर ताबा मात्र त्याचाच. सभा चावडीत, शाळेत किंवा देवळात भरे. देवळात भरली की अस्पृश्य मानलेल्या जातींना आत येण्याची सोयच नव्हती. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला जामीन कोण राहणार? बायकांचा तर प्रश्नच कोणी काढला नाही. वगळलेल्यांसाठी निघालेल्या पेढीने आपले वगळलेले असे निर्माण केले.

शहरांत चित्र वेगळे होते. कायद्यातल्या एका जातीची संस्था काढण्याच्या मुभेचा सर्वांत चांगला उपयोग मुंबईतल्या सारस्वत समाजांनी करून घेतला. २७ डिसेंबर १९०६ रोजी श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी चित्रापूर सारस्वतांसाठी श्यामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. तिला त्यांनी आपले मार्गदर्शक श्यामराव विठ्ठल कैकिणी यांचे नाव दिले. त्याच वर्षी पुण्यात कॉसमॉस निघाली. १९१८च्या सप्टेंबरात जे. के. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकिंग सोसायटी सुरू केली. या संस्थांची भरभराट होण्याचे कारण फार गूढ नाही. दिवसभर कचेरीत जो माणूस हिशेब लिहितो तोच संध्याकाळी संस्थेचे हिशेब लिहितो. बिनपगारी कारकून तर होतेच, शिवाय ते तरबेज होते. कर्जदाराची पगाराची तारीख ठरलेली, आणि हप्ता बुडवला तर पुढच्या मुंजीत किंवा लग्नात चार लोकांत मान खाली घालावी लागणार, ही भीती कोर्टाच्या समन्सपेक्षा परिणामकारक. मोठ्या बँकांनी या कारकुनांना नाकारले होते हे खरे, पण समाजाच्या उतरंडीत ते खालचे नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे.

ज्यांच्याकडे ना अक्षर होते, ना ठरलेली सुट्टी, ना जामीन राहणारा सोयरा, अशा लोकांची कसोटी मुंबईतच लागली. महापालिकेचे सफाई कामगार कायमच्या नोकरीत होते, त्यांना दरमहा पगार होता आणि तरीही ते कर्जात बुडालेले होते. नोकरी लागतानाच मुकादमाला दस्तुरी द्यावी लागे, आणि ती कर्ज काढूनच दिली जाई. हे कर्ज बहुधा पठाण सावकाराचे. दर महिन्याला रुपयाला एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. नड मोठी असली तर दोन आणे, म्हणजे शेकडा दीडशे. पगाराच्या दिवशी सावकार दाराशी उभा असे. कामगाराच्या हातात पगार आला न आला, तो सावकाराच्या हातात गेलेला असे, आणि मूळ मुद्दल जिथल्या तिथे.

गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे आद्य सभासद गोपाळ कृष्ण देवधर यांनी हा प्रश्न हातात घेतला. त्यांना साथ मिळाली अमृतलाल ठक्कर या महापालिकेतल्या अभियंत्याची. कामाच्या निमित्ताने ठक्कर सफाई कामगारांच्या वस्त्यांत वावरत होते. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या कामाशीही त्यांचा संबंध आला होता. पुढे १९१४ साली नोकरी सोडून ते समाजाचे आजीव सेवक झाले आणि ठक्करबाप्पा या नावाने देशभर ओळखले गेले.

कर्जमुक्तीची त्यांची पद्धत खेड्यातल्या सोसायटीपेक्षा वेगळी होती, कारण इथे आधी जुना डोंगर हलवायचा होता. कामगारांकडून त्यांची सगळी देणी काढून घ्यायची. पावत्या नसायच्याच, आठवणीवर आणि साक्षीवर काम. मग एकेका सावकाराला गाठून रक्कम तोडायची : इतके व्याज आधीच खाल्ले आहेस, आता मुद्दल घे आणि कागद फाड. तडजोड झालेली रक्कम बाहेरून उभी करून एकदम द्यायची आणि कामगाराकडून ती माफक व्याजाने हप्त्यांनी घ्यायची. त्याबरोबर कामगारांची सहकारी संस्था काढायची, म्हणजे पुन्हा नड आली तर पठाणाकडे जायला नको. एकेका कुटुंबामागे अशी किती खेपांची पायपीट झाली असेल याची कल्पना करता येते. कोणत्याही बँकेने ती केली नसती, कारण तिचा खर्च वसूल होणाऱ्या रकमेहून जास्त पडला असता. १९११ साली ना. म. जोशी यांनी मुंबईत काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगनेही गिरणी कामगारांच्या वस्त्यांत अशा अनेक सहकारी संस्था काढल्या.

सारस्वतांच्या संस्थेत सेक्रेटरी सभासदांपैकीच असे. सफाई कामगारांच्या संस्थेत सेक्रेटरी बाहेरून येत असे. त्याची तळमळ कमी नव्हती, पण तो दुसऱ्या कामावर गेला, आजारी पडला की वही बंद. शिवाय सभासदाला वही वाचता येत नसल्याने ती बरोबर आहे की नाही हे त्याला पारखता येत नसे. विश्वास माणसावर होता, संस्थेवर नव्हता. सेवाभावी माणसाने गरिबांसाठी चालवलेली पेढी आणि गरिबांनी स्वतः चालवलेली पेढी यांतले अंतर सहकाराच्या अहवालांत फारसे कोणी मोजले नाही.

मधल्या काळात या लहान पेढ्यांना पैसा पुरवणारी मोठी संस्था उभी राहिली. सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी १९११ साली बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक काढली. लल्लूभाईंचे चिरंजीव वैकुंठभाई मेहता यांनी ती पुढे तीन दशकांहून अधिक काळ सांभाळली. १९१२च्या नव्या कायद्याने अशा मध्यवर्ती संस्थांना मान्यता मिळाली. नीरा कालव्याच्या पट्ट्यात बारामतीकडच्या ऊस लावणाऱ्या सोसायट्यांनी या पैशाचा चांगला वापर केला. पाणी होते, नगदी पीक होते, परतफेड होत होती. कोरडवाहू भागात मात्र दोन वर्षे पाऊस चुकला की सोसायटीचा ताळेबंद कागदावरच उरे.

याच काळात एक युक्ती रूढ झाली, तिला शेतकरी आजही ‘नवं-जुनं’ म्हणतात. मुदत संपली की सभासदाने थकलेले कर्ज भरल्याची नोंद करायची आणि त्याच दिवशी तेवढेच नवे कर्ज दिल्याची. एक पैसाही हलत नाही, पण वही स्वच्छ दिसते. बिनपगारी सेक्रेटरीला यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. थकबाकीदार त्याचा शेजारी, त्याच्यावर जप्ती नेण्याइतका वाईटपणा पदरचे काम करून कोण घेईल? पगारदार अधिकारी वसुलीला निर्दय होऊ शकतो, मानद माणसाला गावात राहायचे असते. १९२९नंतरच्या मंदीत कापूस आणि गूळ यांचे भाव कोसळले तेव्हा हे झाकलेले सगळे उघडे पडले. सोसायट्या अवसायनात निघाल्या. अमर्याद जबाबदारीच्या कलमाप्रमाणे वसुली सुरू झाली ती ज्यांच्याकडे काही उरले होते त्यांच्याकडून, म्हणजे बहुधा नियमाने हप्ते भरणाऱ्यांकडूनच. अशा गावांत पुढे एक पिढीभर सोसायटीचे नाव काढायची सोय राहिली नाही.

या सगळ्याचे माप स्वातंत्र्यानंतर निघाले. रिझर्व्ह बँकेने १९५१–५२मध्ये देशातल्या ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांची पाहणी करवली. तिच्यावरचा गोरवाला समितीचा अहवाल १९५४ साली आला. शेतकरी जे कर्ज काढत होता त्यातला सहकारी संस्थांचा वाटा होता शेकडा ३.१. सरकारचा ३.३, व्यापारी बँकांचा १ पेक्षाही कमी. सावकारांचा, धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून, सुमारे ७०. पन्नास वर्षांच्या मानद सेवेचे हे फळ. आकडा लाजिरवाणा म्हणून पुष्कळ उद्धृत झाला आहे. पण व्यापारी बँकांनी पगारी नोकर आणि दगडी इमारती असून जेवढे केले, त्याच्या तिप्पट काम गावोगावच्या मास्तर-तलाठ्यांनी फावल्या वेळात केले होते, असाही तो वाचता येतो.

समितीने त्यावर उपाय सुचवला तो शुल्झच्या बाजूचा होता. सोसायट्या मोठ्या करा, भांडवलात सरकारने भागीदार व्हावे, शिकलेले पगारी सेक्रेटरी नेमा. महाराष्ट्रात पुढे गटसचिव आले. एकेका गटसचिवाकडे एक किंवा अनेक सोसायट्यांचे दप्तर. मास्तरच्या घरातली वही कार्यालयात गेली. पैसा वाढला, कर्जवाटप वाढले आणि सोसायटीच्या चेअरमनपदाला राजकारणात किंमत आली. पंच अजूनही पगार घेत नव्हते, पण जिल्हा बँकेच्या आणि साखर कारखान्याच्या वाटेवरची ती पहिली पायरी झाल्यावर त्या कामाला सेवा म्हणणे अवघड झाले. शहरी सहकारी बँकांना १ मार्च १९६६पासून बँकिंग नियमन कायदा लागू झाला आणि त्याही पूर्णपणे पगारी कारभाराच्या झाल्या.

१९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२मध्ये दुर्बल घटकांसाठी शेकडा ४ दराची कर्जयोजना आली. बँकेचे दार कागदावर उघडले, पण खर्चाचे मूळ गणित बदलले नव्हते, त्यामुळे दाराशी नेणारा कोणीतरी लागतच होता. लालबाग-परळ भागात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना भुसार दुकानदाराची उधारी आणि सावकार यांतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. मूळच्या गोव्याच्या आणि गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या या कार्यकर्तीने बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन राहायला लावले, अर्ज भरले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या काउंटरपर्यंत नेले. कर्जदारांची छाननी करणारी, हमी घेणारी आणि वसुली करणारी माणसे बँकेची नव्हती, मंडळाची होती. बँकेने फक्त पैसे दिले.

बायकांना आपापसांत पैसे फिरवण्याची सवय नवी नव्हतीच. भिशी घरोघर होती. दरमहा ठरलेली रक्कम सगळ्या जणी काढतात आणि चिठ्ठी निघेल तिला ती एकदम मिळते. भिशीला व्याज नाही, हिशेब एका पानाचा, आणि फेरी पुरी झाली की मंडळ मोडले तरी चालते. बचत गटाने यात दोन गोष्टी घातल्या. रक्कम वाटून न टाकता ती साठवायची आणि गरजेप्रमाणे कर्ज द्यायचे. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात ‘चैतन्य’ संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केले. १९९२ साली नाबार्डने देशभरातले ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला. गटाची नोंदणी नसली तरी बँकेने त्याच्या नावे खाते उघडावे आणि तारणाशिवाय कर्ज द्यावे, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. आज देशात असे गट १ कोटीहून अधिक आहेत.

गटाची मासिक बैठक म्हणजे दहा ते वीस बायका. स्वयंपाक आवरल्यावर कोणाच्या तरी ओसरीवर त्या जमतात. हजेरी, मग बचत : पन्नास किंवा शंभर रुपये प्रत्येकी. पैसे मधोमध सतरंजीवर ठेवले जातात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजले जातात. मग हप्ते, उशिराचा दंड, नवी मागणी. कोणाला शेळी घ्यायची आहे, कोणाच्या नवऱ्याचे ऑपरेशन आहे. गटातल्या गटात व्याज बहुधा महिन्याला शेकडा दोन रुपये. वर्षाला २४ टक्के हा दर राइफायझेनच्या पंचांना फार वाटला असता, पण ते व्याज गटातच राहते आणि सभासदांच्याच नावे साठते. शेवटी सचिव वही वाचून दाखवते. तिला बहुधा इतरांहून जास्त शाळा झालेली असते. गावात लग्न होऊन आलेली, दहावी-बारावी झालेली सून असेल तर हे काम आपोआप तिच्याकडे येते. अध्यक्ष आणि सचिव दोघी महिन्यातून एकदा एसटीने तालुक्याच्या बँकेत जातात, रांगेत उभ्या राहतात आणि त्या दिवसाची मजुरी बुडवतात.

सफाई कामगारांच्या संस्थेत जी अडचण होती ती इथे बरीच सुटली. पेढी चालवणारी आणि कर्ज घेणारी एकच. वही वाचता आली नाही तरी सतरंजीवरचे पैसे सगळ्यांना मोजता येतात. पण त्या सुटकेची किंमत कोणी चुकवली, हेही पाहायला हवे. राइफायझेनच्या गावात फुकट काम सुखवस्तू शेतकरी करी, मुंबईत कारकून आणि समाजसेवक करीत. आता ते काम ज्यांना एका दिवसाची मजुरी सोडणेही परवडत नाही अशा बायकांकडे आले. बँकेचा वाचलेला खर्च नाहीसा झाला नाही, तो त्यांच्या दिवसात जमा झाला.

काही ठिकाणी बायकांनी गटापुढची पायरी गाठली. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवड येथे चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. पहिला अर्ज फेटाळला गेला होता, कारण प्रवर्तक बायका अंगठा उठवणाऱ्या होत्या. त्यांनी आधी अक्षर गिरवले, मग पुन्हा अर्ज केला आणि परवाना मिळवला. बँक झाल्यावर अर्थातच पगारी नोकर, लेखापरीक्षण, रोकड राखण्याचे प्रमाण हे सगळे आले.

उरलेल्या लक्षावधी गटांमध्ये मोबदल्याचा प्रश्न हळूहळू वर आला. महिला आर्थिक विकास महामंडळाने गटांना मार्गदर्शन करायला सहयोगिनी नेमल्या आणि गटांचे संघ करून लोकसंचालित साधन केंद्रे उभारली. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने गावातल्याच बायकांमधून समुदाय संसाधन व्यक्ती आणि बँक सखी निवडल्या आणि त्यांना मानधन ठरवले. ते पुरेसे नाही म्हणून मोर्चेही निघाले. गटाच्या आत मात्र वेगळीच विभागणी झाली. नवे कर्ज देताना बँक नियमित बैठका आणि नीट ठेवलेले हिशेब पाहते, म्हणून वही लिहिणारीला गटाने महिन्याला थोडे पैसे काढून देण्याची पद्धत अनेक गावांत पडली. अध्यक्ष बँकेत जाते, थकलेल्या सभासदाच्या घरी दोन-चार चकरा मारते, भांडण मिटवते. त्या कामाची नोंद वहीत नसते आणि त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी कोणी देत नाही.